‘अडलंय’: सी प्रॅक्टिकलच्या मुलांसाठी मदतीचं वेब ॲप, कामाच्या नोंदी

१९ डिसेंबर

आम्ही चौघं सांगली जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. कॅपस्टोन प्रोजेक्ट म्हणून हे ॲप करतोय. बाकी तिघांचा उल्लेख इथे गावावरूनच करते, वर्गातही तसंच चालतं: तासगावची, विट्याचा आणि पलूसचा.

पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते. दोन तासांचं प्रॅक्टिकल, एकवीस जणांची बॅच आणि शिकवायला सर एकटे. प्रोग्रॅम अडला की मुलं शेजाऱ्याचा उतरवून घेतात, जर्नल पूर्ण करतात आणि तोंडी परीक्षेत खाली मान घालून उभी राहतात. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, मला दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कळला, तोही एका सीनियर ताईनं एसटीच्या प्रवासात वहीवर चौकोन काढून दाखवला म्हणून.

या आठवड्यात सरांना विचारून मी एका प्रॅक्टिकलला मागे बसले आणि मोजलं. दोन तासांत हात वर झाले चार, चारही पुढच्या रांगेतले. मधल्या वेळेत फिरून स्क्रीन बघितले तर एरर घेऊन बसलेले तेरा. या तेरांपैकी नऊ जणांनी प्रश्न विचारलाच नाही. हे ॲप त्या नऊ जणांसाठी आहे. नाव ठरलं ‘अडलंय’.

२७ डिसेंबर

पायथॉन चौघांनाही येतं म्हणून जॅंगो हे वेबसाइट बांधायचं पायथॉनमधलं साधन घेतलं. यावर वाद घातला नाही, ते बरं झालं.

वेळ गेला तो लॉगिनमध्ये. आधी ईमेल ठेवला. पहिल्या वर्षाच्या दहा जणांना विचारलं तर सात जणांना स्वतःचा ईमेल पासवर्ड आठवत नव्हता. फोन घेताना दुकानदारानं किंवा भावानं काढून दिलेला. मग मोबाइल नंबर आणि ओटीपी. पलूसच्यानं दोन दिवस घालवून कोड लिहिला, आणि मग कळलं की भारतात कुठल्याही ॲपला असे एसएमएस पाठवायचे तर डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर संस्थेची नोंदणी लागते, मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला ते झेपणारं नाही. कोड काढून टाकला.

शेवटी एनरोलमेंट नंबर आणि स्वतः ठरवलेला चार आकडी पिन. धोका उघड आहे: नंबर ओळीनं असतात, शेजाऱ्याचा सहज कळतो, आणि चार आकड्यांत दहा हजारच शक्यता. म्हणून पाच वेळा चुकला की खातं अर्धा तास बंद. पिन विसरला तर लॅबमध्ये येऊन आमच्यापैकी कुणालाही ओळखपत्र दाखवायचं. तुम्ही असं काही करणार असाल तर लॉगिनला सुरुवातच इथून करा. आमचे आठ दिवस गेले.

६ जानेवारी

प्रश्न विचारायचा फॉर्म तयार. नऊ रकाने: विषय, प्रॅक्टिकल क्रमांक, शीर्षक, प्रश्नाचा प्रकार, अपेक्षित आउटपुट, आलेलं आउटपुट, एरर, कोड, किती तातडीचं. तासगावचीनं मोबाइलवरही सुबक दिसेल असा केला. मदत करणाऱ्याला सगळी माहिती एका जागी मिळावी हा विचार. आज आम्हाला तो पूर्ण वाटतो आहे.

११ जानेवारी

आजचा दिवस गिटनं खाल्ला. गिट म्हणजे चौघांचा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. विट्याच्यानं पुश करताना (आपले बदल सामायिक जागी पाठवताना) नकार आला, कारण मेनवर, म्हणजे मुख्य शाखेवर, तासगावचीचे नवे कमिट (नोंदवलेले बदल) होते. त्यानं कुठलंसं उत्तर वाचून फोर्स पुश केला, म्हणजे जबरदस्तीनं स्वतःचंच वर चढवलं. तिचं दोन दिवसांचं काम मेनवरून गेलं. तिनं ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर हार्ड रिसेट मारला, म्हणजे मेनवर आहे तसंच लॅपटॉपवर करून घेतलं. आता तिच्याकडेही नाही.

दोघंही रडकुंडीला आली होती. सुटका रिफ्लॉगनं केली. गिट तुमच्या लॅपटॉपवर हेड (आपण सध्या ज्या कमिटवर आहोत ती खूण) कुठे कुठे होतं याची यादी ठेवतं, आणि हरवलेले कमिटही साधारण महिनाभर तिथून परत मिळतात. यादीत रिसेटच्या आधीची ओळ शोधली, त्या कमिटवर नवी ब्रँच काढली, सगळं परत आलं. आलं नाही ते एकच, ज्या फाइलचा कमिट केलेलाच नव्हता ती. हार्ड रिसेट ते पुसून टाकतो आणि रिफ्लॉगलाही ते माहीत नसतं. ती फाइल तिनं रात्री परत लिहिली.

त्यानंतर रेपो, म्हणजे कोडचा सगळा साठा, पब्लिक करून गिटहबवर मेन ब्रँचला संरक्षण लावलं. आता थेट पुश कुणालाच नाही, दुसऱ्या कुणी तरी बघितल्याशिवाय मर्ज नाही. पब्लिक करायच्या आधी पलूसच्याच्या लक्षात आलं की सेटिंग्जची गुप्त किल्ली पहिल्याच कमिटमध्ये आहे. फाइलमधून काढली तरी इतिहासात राहते, म्हणून किल्लीच बदलली.

१८ जानेवारी

चाचणीसाठी मी माझा जुना सी प्रोग्रॅम प्रश्न म्हणून टाकला. पानावर पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड’ दिसतं, पुढे काहीच नाही. सगळ्या हेडर फाइलींची नावं गायब. डेटाबेसमध्ये बघितलं तर कोड पूर्ण आहे.

कारण साधं निघालं. सीमध्ये हेडरचं नाव कोनी कंसात असतं, आणि ब्राउझरला कोनी कंस म्हणजे एचटीएमएलचा, वेब पान लिहायच्या भाषेचा, टॅग. ‘एसटीडीआयओ डॉट एच’ नावाचा टॅग त्याला माहीत नाही, म्हणून तो काही न दाखवता पुढे जातो. जॅंगो हे होऊ देत नाही, ते असे कंस आपोआप निरुपद्रवी करून छापतं. पण ओळी एकाखाली एक दिसाव्यात म्हणून मीच टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) ब्रेक टॅग घुसवले होते आणि ते चालावेत म्हणून ‘सेफ’ फिल्टर, म्हणजे ‘हे आहे तसंच छाप’ अशी सूचना, लावला होता. म्हणजे संरक्षण मीच काढलं. कोडऐवजी कुणी स्क्रिप्ट टॅग टाकला असता तर ती स्क्रिप्ट प्रत्येक वाचणाऱ्याच्या फोनवर चालली असती.

सेफ काढला. ओळींसाठी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) व्हाइट-स्पेसला प्री-रॅप दिलं. एका ओळीचं काम. सुरुवातीच्या मोकळ्या जागाही त्यानंच टिकतात, आणि पायथॉनचा कोड दाखवणार असाल तर त्या टिकल्याच पाहिजेत.

२१ जानेवारी

लॅबमध्ये पहिला दिवस. मोफत होस्टिंगवर ॲप चढवलं, फळ्यावर पत्ता लिहिला, सरांनीही आवाहन केलं. मदतीला तिसऱ्या वर्षाचे सहा जण लॅपटॉप उघडून तयार.

दोन तासांत लॉगिन केलेले एकोणीस. प्रश्न शून्य.

घरी गेल्यावर आम्ही लॉग, म्हणजे कुणी काय उघडलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदी, बघितले. फॉर्म उघडलेले अकरा जण होते. म्हणजे अडलेली मुलं दारापर्यंत आली आणि परत गेली.

२२ जानेवारी

सरांना न सांगता, वर्गाबाहेर, कँटीनमागच्या कट्ट्यावर पाच जणांशी बोललो. तासगावची बोलली, कारण मुली तिच्याशी मोकळेपणानं बोलतात. तिनं लिहून आणलेली वाक्यं तशीच उतरवते.

“शीर्षक काय द्यायचं ते कळेना.”

“प्रश्नाचा प्रकार म्हणजे? सिंटॅक्स का लॉजिकल ते कळलं असतं तर मीच सोडवला नसता का?”

“इंग्लिशमध्ये लिहायचं होतं ना?” फॉर्मच्या सूचना इंग्रजीत होत्या. आम्ही कुठेही ‘इंग्रजीतच लिहा’ म्हटलं नव्हतं, पण तिनं तोच अर्थ घेतला आणि तो बरोबरच होता.

“वर माझं नाव येत होतं, ताई.”

एक मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गणितात पंचाण्णव गुण. तिनं नऊपैकी सहा रकाने भरले होते, ते खोडले आणि टॅब बंद केला. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. तो फॉर्म मी रचला होता.

२४ जानेवारी

फॉर्म मोडला. आता पानावर एकच मोठा चौकोन आणि त्यावर ‘काय अडलंय? जसं बोलता तसं लिहा’. खाली कॅमेऱ्याचं बटण, त्याखाली ‘पाठवा’. सगळ्या सूचना मराठीत.

नावाचा प्रश्न अवघड होता. पूर्ण निनावी ठेवलं तर कुणी घाण लिहिलं तरी कळणार नाही. नाव दाखवलं तर कुणी लिहिणार नाही. ठरलं ते असं: बाकी मुलांना नाव दिसत नाही, मदत करणाऱ्यालाही नाही. ते फक्त नोंदीत राहतं, आणि काही गैर घडलं तरच सर आणि आमच्यापैकी एक जण मिळून ते उघडतील. हे चौकोनाच्या वर एका वाक्यात स्पष्ट लिहिलं. लपवून ठेवायचं नाही यावर चौघांचं एकमत झालं.

रात्री दहा चाळीसला पहिला प्रश्न आला. “वर्गात सांगितलं तेव्हा मान हलवली पण कळलं नव्हतं. ॲड्रेस आणि व्हॅल्यू यात नक्की फरक काय? परत विचारायला लाज वाटते.”

मी उत्तर लिहायला बसले. ताईनं एसटीत काढले होते तसे चौकोन कागदावर काढले, फोटो घेतला, पाठवला. पलीकडून आलं, “एका चौकोनात दुसऱ्याचा पत्ता. कळलं.” झोपायला साडेबारा वाजले.

२ फेब्रुवारी

नऊ दिवसांत सतरा प्रश्न. आज सकाळी विट्याच्यानं बटणाचा रंग बदलून नवी आवृत्ती चढवली आणि सतराच्या सतरा प्रश्न, उत्तरं, खाती, सगळं गेलं.

आमचा डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे सर्व्हरवरची एक फाइल. मोफत योजनेत डिस्क कायमची नसते. नवी आवृत्ती चढली किंवा सर्व्हर परत सुरू झाला की कोरी पाटी. हे त्यांच्या सूचनांत लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. पंधरा मिनिटं कुणी आलं नाही की सर्व्हर झोपतो हे मात्र माहीत होतं, म्हणून त्याला जागं ठेवायला आम्ही दर दहा मिनिटांनी पान उघडत होतो. त्यामुळे फाइल नऊ दिवस टिकली आणि आमचा गैरसमजही टिकला.

बॅकअप नव्हता. पहिल्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. दुपारी लॅबमध्ये जाऊन मुलांना आम्ही चौघांनी उभं राहून सांगितलं: चूक आमची आहे, प्रश्न गेलेत, परत खाती काढावी लागतील. कुणी रागावलं नाही. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, “पण परत चालू होणार ना?”

५ फेब्रुवारी

भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला. महिन्याला साधारण पाचशे रुपये, प्रत्येकी सव्वाशे. त्यावर उबंटू (ऑपरेटिंग सिस्टिम), पोस्टग्रेस (डेटाबेस), जी-युनिकॉर्न (जॅंगो चालवणारा) आणि पुढे एनजिनएक्स (बाहेरून आलेली प्रत्येक मागणी आधी घेणारा). चढवायला दीड दिवस लागला. त्यातला अर्धा दिवस सीएसएस दिसत नाही म्हणून गेला: डीबग (चाचणीची अवस्था) बंद केलं की जॅंगो स्वतः स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं) देत नाही, त्या एनजिनएक्सकडे सोपवाव्या लागतात.

बॅकअप रोज रात्री दोन वाजता: पीजी-डंप (पोस्टग्रेसमधलं सगळं एका फाइलमध्ये उतरवणारी कमांड), आणि त्याची प्रत लॅबच्या एका मशीनवर.

मग फोटो चढेनात. ४१३ नंबरचा एरर. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही, आणि फोनचा फोटो चार-पाच एमबीचा. मर्यादा वाढवून काम भागलं असतं, पण वाळवा, आटपाडीकडच्या वाड्या-वस्त्यांवर रेंज कशी असते ते आम्हाला माहीत आहे. म्हणून फोटो फोनवरच, ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या जागेवर) काढून लहान करतो: रुंदी १२८० पिक्सेल, जेपीईजी. दोनशे केबीच्या आसपास येतो आणि अक्षर वाचता येतं.

पलूसच्याला यातून आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोनच्या फोटोत बऱ्याचदा जीपीएसची जागा लपलेली असते. आम्ही नाव झाकलं होतं, पण मूळ फोटो जशाचा तसा दाखवत होतो. कुणी तो उतरवून घेतला असता तर मुलीचं घर नकाशावर दिसलं असतं. कॅनव्हासवरून परत तयार केलेल्या फोटोत ही माहिती राहत नाही. सर्व्हरवरही पिलो या पायथॉनच्या फोटो लायब्ररीनं फोटो पुन्हा सेव्ह करतो, म्हणजे ब्राउझर जुना असला तरी जागा पुसली जाते. निनावी काही बांधत असाल तर हे पहिल्या दिवशी करा.

११ फेब्रुवारी

एकाच मुलाला दोन उत्तरं गेली, दोन दिशांची. एकानं सांगितलं व्हाइल लूप घे, दुसरीनं सांगितलं फॉर घे. मुलगा गोंधळला आणि दोन्ही सोडून दिलं.

‘मी घेते’ बटण दोघांनी एकाच क्षणी दाबलं होतं. आमचा कोड आधी बघायचा की प्रश्न खुला आहे का, आणि मग नाव लावायचा. दोघांनी बघितलं तेव्हा तो खुला होता. विट्याच्यानं ओळीला कुलूप लावायची जॅंगोची सोय वापरली आणि लॅपटॉपवर चाचणी केली, तरी तेच घडलं. सर्व्हरवर पोस्टग्रेस, पण त्याच्या लॅपटॉपवर अजून एसक्यूलाइट होतं, आणि एसक्यूलाइटवर त्या कुलपाचा काहीच परिणाम होत नाही, एररही येत नाही.

शेवटी कुलूप नकोच म्हटलं. एकच अपडेट लिहिला: या प्रश्नाची स्थिती ‘खुला’ असेल तरच माझं नाव लाव. नंतर बघायचं किती ओळी बदलल्या. एक असेल तर प्रश्न तुझा, शून्य असेल तर ‘दुसऱ्या कुणी घेतलाय’ असा निरोप. सगळ्यांच्या लॅपटॉपवरही आजच पोस्टग्रेस बसवलं.

१४ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण यानं ॲप बदललं.

प्रश्न आला: “७ चं फॅक्टोरियल बरोबर येतं, ८ चं मायनसमध्ये येतं. कोड तोच आहे.” सोबत निळ्या स्क्रीनचा फोटो. आउटपुट, उणे २५,२१६. (फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार.)

तिसऱ्या वर्षाच्या एकानं कोड स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून उत्तर दिलं: “माझ्याकडे ४०,३२० येतं. तुझा कोड बरोबर आहे, परत कंपाइल कर.” मुलानं परत कंपाइल केलं. परत उणे. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. चौथ्या निरोपात मुलानं लिहिलं, “जाऊ दे दादा, माझंच काहीतरी चुकत असेल.”

त्याचं काहीच चुकत नव्हतं. आमच्या लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर (कोड मशीनला चालेल असा करणारा प्रोग्रॅम) आहे, डॉसबॉक्स या जुनं डॉस भासवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवलेला. टर्बो सी १९८७ मध्ये आलं, डॉसच्या १६ बिटच्या काळात. तिथे इन्ट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. ७ चं फॅक्टोरियल ५,०४० मावतं. ८ चं ४०,३२० मावत नाही. त्यातून ६५,५३६ वजा झाले की बरोब्बर उणे २५,२१६. लॅपटॉपवरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये इन्ट चार बाइटचा, तिथे मावतं.

मी त्या दादाला म्हटलं, तुझ्याकडे १३ चं करून बघ. त्याच्याकडे आलं १,९३,२०,५३,५०४. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. त्याचंही फुटलं होतं, फक्त आकडा अधिक चिन्हाचा असल्यामुळे बरोबर वाटत होता. मग त्यानंच त्या मुलाला सगळं नीट लिहिलं: लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) घे, छापताना एलडी वापर, १२ पर्यंत चालेल, १३ ला परत का मोडेल तेही बघ. आणि सुरुवातीला लिहिलं, “सॉरी, तू बरोबर होतास.”

आमच्या नऊ रकान्यांच्या फॉर्ममध्येही ‘कंपायलर कोणता’ हे नव्हतं. आता चौकोनाखाली तीन बटणं आहेत: ‘लॅबचा टर्बो’, ‘मोबाइल ॲप’, ‘अजून वहीतच आहे’. तिसरं बटण तासगावचीनं सुचवलं. निम्म्या मुलांकडे घरी कॉम्प्युटर नाही. प्रोग्रॅम वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टाइप करतात. मोबाइलवाल्यांचा पहिला एरर बहुतेक वेळा कोनिओ हेडर सापडत नाही हाच असतो, कारण ते टर्बोचं आहे. त्याचं तयार उत्तर ठेवलंय.

बटण नाही दाबलं तरी प्रश्न जातो. ही सक्ती करायची नाही असं ठरवलंय.

२० फेब्रुवारी

दोन लहान दुरुस्त्या, दोन्ही मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही अडतील.

प्रश्नाच्या वेब पत्त्यात त्याचे पहिले शब्द यावेत म्हणून जॅंगोचं स्लगिफाय (मजकुरातून पत्ता बनवणारी सोय) वापरलं. मराठी प्रश्नांचा पत्ता रिकामाच. युनिकोड चालू केलं तर ‘पॉइंटर समजत नाही’चं झालं ‘पइटर-समजत-नह’. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं गाळलं, कारण पायथॉन या चिन्हांना अक्षर मानत नाही. शब्द काढले, पत्त्यात फक्त क्रमांक ठेवला.

दुसरं, नुकताच आलेला प्रश्न ‘साडेपाच तासांपासून थांबलाय’ असं दाखवत होता. सर्व्हर यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) वेळ पाठवत होता, सोबत तो यूटीसीचा आहे हे पाठवत नव्हता, आणि ब्राउझर त्याला भारताचा समजत होता. वेळेसोबत फरकही पाठवला.

१ मार्च

गेल्या आठवड्यात सरांनी बोलावलं. तीन जर्नलमध्ये एकच प्रोग्रॅम, व्हेरिएबलच्या नावातली चूकही एकच. तो आमच्या एका मदतनिसानं ॲपवर पूर्ण लिहून दिलेला होता. सर रागावले नाहीत, पण म्हणाले, “शेजाऱ्याचं उतरवणं थांबवायला निघाला होतात ना?”

कोडचा चौकोन उत्तरातून काढून टाकावा असं विट्याच्याचं मत. मला ते पटलं नाही. कधी कधी दोन ओळी दाखवाव्याच लागतात. बराच वेळ बोललो. ठरलं ते असं की पहिला निरोप उत्तर नसेल, विचारणा असेल. मदत करणाऱ्यानं प्रश्न घेतला की त्याच्यासमोर तीन तयार वाक्यं येतात: ‘आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय?’, ‘तुला काय यायला हवं होतं?’, ‘कुठल्या ओळीपर्यंत बरोबर चालतंय असं वाटतं?’ त्यातलं एक पाठवून उत्तर आल्याशिवाय पुढचा चौकोन उघडत नाही.

पहिल्या आठवड्यातच काही प्रश्न या विचारण्यातच सुटले. मूल लिहायला लागतं, ‘नवव्या ओळीपर्यंत’, आणि पुढचा निरोप येतो, ‘थांबा, सापडलं, स्कॅनएफमध्ये अँपरसँड राहिलाय.’

मदतनिसांपैकी दोघांनी मात्र सोडलं. त्यांना हे वेळखाऊ वाटलं. त्यांचंही खरं आहे, आमची परीक्षा जवळ येतेय. रात्री आठ ते दहा अशी पाळी लावली, रोज दोघं. दहानंतर आलेल्या प्रश्नाला आपोआप निरोप जातो, ‘उद्या आठपर्यंत उत्तर येईल’. पूर्वी असा निरोप नव्हता आणि मुलं पान उघडून बसायची.

१२ मार्च

आजपर्यंतचा खर्च: सर्व्हर दोन महिने मिळून हजार, डोमेन वर्षाला सातशे, लॅबमध्ये लावायच्या कागदांच्या प्रिंट ऐंशी रुपये. वेळ मोजला नाही. मोजला तर लॉगिन आणि हरवलेला डेटा यांनी मिळून दोन आठवडे खाल्ले.

करायचं ठरवून सोडून दिलेलं: गुण आणि बॅज, चॅट, पहिल्या येणाऱ्यांची यादी. यादीची मागणी सरांकडून आली होती. नाव झाकून मग यादी कशी लावायची, असं आम्ही विचारलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

वेबसॉकेट (नवं काही आलं की लगेच पानावर पाठवणारी सोय) पलूसच्यानं अर्धं केलं होतं. तेही थांबवलं. पान दर पंधरा सेकंदांनी विचारतं, नवं काही आहे का. एवढ्या मुलांना तेवढं पुरतं, आणि पुढच्या वर्षीच्या टीमला समजेल असं राहतं.

२८ मार्च

दुसऱ्या वर्षाच्या तिघांकडे काम सोपवलं. सर्व्हरचं भाडं ऑगस्टपर्यंत भरलंय. मला एकाच गोष्टीची काळजी होती, म्हणून त्यांच्यासमोर अट ठेवली: आमच्यातलं कुणी तोंडही उघडणार नाही, फक्त आम्ही लिहिलेला कागद बघून कोऱ्या मशीनवर कालचा बॅकअप चढवून दाखवा.

त्यांच्यातली एक मुलगी बसली. सहाव्या पायरीपर्यंत सरळ गेली. मग डेटाबेस परत येईना. युझर नाही असा एरर. आमच्या सर्व्हरवर तो युझर पाच फेब्रुवारीला हातानं केला होता आणि कागदावर लिहायचा राहिला होता. मी बोलायला गेले, तासगावचीनं माझा हात धरला. मुलीनं एरर दोनदा वाचला, आमच्या सेटिंग्ज फाइलमध्ये युझरचं नाव शोधलं, तो तयार केला आणि बॅकअप चढवला. एकूण चाळीस मिनिटं. पान उघडलं, सगळे प्रश्न जागेवर होते.

सातवी पायरी तिनं तिच्याच अक्षरात कागदावर लिहिली. जुनी सातवी आता आठवी झाली आहे, पुढचे क्रमांक बदललेत.